लाल कोनांच्या आतली जागा

८ ऑक्टोबर, मंगळवार

निश्चय: या सुट्टीत कोणाशीही भांडायचं नाही.

हा निश्चय माझा स्वतःचा आहे. बायकोने अट घातली म्हणून केलेला नाही. तिने अट घातली तेव्हा माझा मनातल्या मनात झालेलाच होता, फक्त बोलायचा राहिला होता.

गेल्या वर्षी गेस्टहाउसमध्ये शेजारच्या खोलीवाल्यांनी ओले टॉवेल आमच्या कठड्यावर वाळत टाकले. त्यावरून मी त्यांना दोन शब्द सांगितले आणि ही सकाळच्या बसने एकटी घरी निघून गेली. दोन शब्दांवरून. हिच्या मते ते दोन तास होते. आज म्हणाली, यंदा तसं काही झालं तर यापुढे सुट्टीला मी माझ्या भावाकडे जाईन, तुम्ही तुमचं बघा. भाजी चिरता चिरता म्हणाली, आवाज अजिबात न चढवता. मला तो आवाज आवडत नाही.

म्हणून कॅम्पिंग. तिथे कठडाच नाही, तर भांडणार कशावरून?

तंबू मेहुण्याचा. फोनवर म्हणाला, भावोजी, घरी एकदा उभारून बघा, जरा किचकट आहे. मी ऐकून घेतलं. ड्रायव्हिंग लायसन्सची टेस्ट घेण्यात माझी उभी हयात गेली. ज्या माणसाने अर्ध्या शहराला नापास केलंय, त्याला कापडाची घडी उलगडायची प्रॅक्टिस लागत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ

पोचलो. तळ्याच्या काठी मोठं मैदान, कडेला झाडं. चुना लावलेल्या दगडांनी एकेकाची जागा आखलेली. आखणी बघून बरं वाटलं. या जगात अजून कोणीतरी रेघा मारतंय.

तंबू उभा राहिला. किंचित कललेला आहे, पण वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे ते योग्यच. दार तळ्याकडे न येता संडास-बाथरूमकडे आलं. हिने विचारलं, आपण तळं बघायला आलोय ना? मी समजावलं की दार इकडे असल्यामुळे कोण कुठे जातंय येतंय यावर नजर राहते. ही खुर्ची उचलून तंबूच्या मागे गेली आणि तिथून तळं बघत बसली.

एका दोरीची खुंटी उजवीकडच्या जागेत ठोकावी लागली. आमच्या बाजूला जमीन कडक आहे. त्यांच्याकडची मऊ आहे. निसर्गापुढे कोण काय करणार.

उजवीकडे रिटायर्ड डेंटिस्ट बाई, एकट्याच. फार हळू बोलतात. तोंडात हत्यारं घातलेल्या माणसाशी बोलायची सवय असावी. डावीकडे एक तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ. नवरा बेकरीत कामाला. काका, तंबूला हात लावू का, असं विचारत आला. मी नको म्हटलं. काका म्हणायचं त्याला कारण नव्हतं. मला अजून रिटायर व्हायला वेळ आहे.

नंतर त्याची बायको बाळाला घेऊन नळाकडे निघाली ती थेट आमच्या गाडीच्या आणि तंबूच्या मधून. म्हणजे आमच्या जागेतून. मी काही बोललो नाही. निश्चय आहे. फक्त खोकलो. ती थांबली आणि म्हणाली, काका, खोकल्याचं औषध देऊ का, आमच्याकडे आहे.

निर्ढावलेली दिसते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी

भांडण आणि मार्गदर्शन यांत फरक आहे. भांडणाला दोन बाजू लागतात. मार्गदर्शन एकट्याला करता येतं. माझा निश्चय भांडणाबद्दल होता.

पहाटे बाळ रडलं. बराच वेळ. नियम असा की सकाळी सातपर्यंत शांतता. पाटीवर स्पष्ट लिहिलंय. मी तिथल्या तिथे उठलो, त्यांच्या तंबूबाहेर जाऊन उभा राहिलो आणि सातपर्यंत शांतता ठेवायची असते हे सांगण्यासाठी हाक मारली. पहिल्या दोन हाकांना उत्तर आलं नाही, म्हणून तिसरी जरा मोठ्याने मारली. आजूबाजूच्या सगळ्या तंबूंतून डोकी बाहेर आली. लोकांना आवाजाचा किती त्रास होत होता ते यावरून कळतं.

बेकरीवाला बाहेर आला. म्हणाला, काका, आत्ताच झोपलं होतं हो. आता परत उठलं.

म्हणजे त्याने कबूल केलं.

परत आलो तर हिने डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं होतं. थंडी असावी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

डिकीतून ट्रॅफिकचे लाल कोन काढले. टेस्टच्या ट्रॅकवर लावतो तेच. जुने झाले म्हणून ऑफिसने टाकून दिले होते, मी जपून ठेवलेत. हिने विचारलं, हे कशाला आणलेत? मी म्हटलं, डिकीत होते. ही म्हणाली, डिकी मी भरली होती. मी विषय बदलला.

कोन लावल्यावर आमच्या जागेला जी शोभा आली ती बघण्यासारखी. दगड काय, कोणीही ओलांडतं. कोन दिसला की माणूस ब्रेक मारतो. सगळीकडे सारखं अंतर यावं म्हणून शेवटचे दोन डेंटिस्ट बाईंच्या खुर्चीजवळ गेले. खरं तर खुर्चीखाली. बाईंनी पुस्तक मिटलं, कोनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची उचलून पलीकडे ठेवली. सुशिक्षित माणसाला नियम समजावून सांगावा लागत नाही.

बेकरीवालीने मात्र नळाकडे जाताना वळसा घातला आणि बाळाला म्हणाली, आजोबांचा खेळ चाललाय, बघ.

आजोबा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी राउंड घेतला. लोक आपापल्या जागेत राहतात की नाही हे कोणी तपासत नाही, म्हणून मी तपासलं. बाहेरच्या वाटेवरून नीट दिसत नाही, आतून जावं लागतं. एका कुटुंबाचं टेबल दगडांच्या बाहेर. एकाची सायकल सरळ दुसऱ्याच्या जागेत. एका ठिकाणी तंबूच्या आत काय आहे ते कळेना म्हणून पडदा जरा बाजूला केला, तर एक बाई केस विंचरत होत्या. त्या ओरडल्या. लोकांना तपासणीची सवयच राहिलेली नाही.

सगळे नापास. टेबलवाला थोडक्यात.

मॅनेजरकडे तक्रार द्यायला निघणार, तोच मॅनेजर बाईच किल्ल्यांचा जुडगा वाजवत आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, मी इथे आले तेव्हापासून कोणी कोन लावलेले पाहिले नव्हते. मी आभार मानले. मग म्हणाल्या, एक विनंती आहे, लोकांच्या जागांतून चालू नये, लांब पडलं तरी वाटेवरून जावं, आणि कोणाकडे जायचं तर बाहेर उभं राहून आधी विचारावं. मी म्हटलं, अगदी बरोबर, हेच मी सांगतोय, हे सगळ्यांना सांगा. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत बंद केला. मग म्हणाल्या, सगळ्यांना माहीत आहे.

काम वरवरचं वाटलं. पण माणूस मुद्द्याशी सहमत आहे, हे महत्त्वाचं.

ही दिवसभर डेंटिस्ट बाईंकडे. कॉफी पीत होत्या दोघी. बेकरीवाल्यांचं बाळही तिथेच, हिच्या मांडीवर. हसण्याचे आवाज आले. हिचं हसणं असं दुरून ऐकू आलं की वेगळंच वाटतं. घरी इतकं हसत नाही. हवापालटाचा परिणाम.

माझ्या बाजूने शेजाऱ्यांशी संबंध ही सांभाळते आहे, हेही एका अर्थी टीमवर्कच.

जेवताना मी म्हटलं, बघ, भांडण झालं का एक तरी? ही म्हणाली, नाही, भांडायला समोरच्याने बोलावं लागतं. मी हे कौतुक म्हणून घेतलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

डेंटिस्ट बाई पडल्या.

संध्याकाळ होत आली होती. बाई तळ्यावरून परत येत होत्या, आणि माझ्या त्या दोरीत पाय अडकून पडल्या. घोटा सुजला. मोडलेला नाही. ही फिजिओथेरपिस्ट आहे, तिने लगेच पाय धरून पाहिला, पट्टी बांधली. बेकरीवाल्याने बाईंना उचलून खुर्चीत बसवलं. मॅनेजर बाई बर्फ घेऊन धावत आल्या. मी दोरीजवळ उभा होतो. कोणी मला काही करायला सांगितलं नाही.

मुद्दा असा की माणसाने चालताना समोर बघावं. टेस्टमध्ये हे पहिलं शिकवतात. दोरी काही लपवलेली नव्हती. तंबूच्या रंगाची होती, एवढंच. आता दोरीलाही लाल कापड बांधायला हवं होतं असं कोणी म्हणेल, तर ते नंतरचं शहाणपण झालं. मी हे मोठ्याने म्हणालो. डेंटिस्ट बाई तेवढ्या म्हणाल्या, अहो, ती दोरी माझ्या जागेत होती.

हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाजच तसा.

मग हिने वाकून ती खुंटी दोन्ही हातांनी उपटली आणि माझ्या पायाशी ठेवली. त्यासरशी तंबू त्या बाजूने बसला. मी आत जाऊन मधला खांब धरून ठेवला. आत्ताही एका हाताने धरलेलाच आहे, म्हणून अक्षर असं येतंय.

ही आपली उशी घेऊन गेली. म्हणाली, बाईंना उठायला बसायला कोणीतरी लागेल. बरोबर आहे. फक्त मदतीला गेली आहे. टूथब्रश, चष्मा आणि कपड्यांची बॅग पण नेली, कारण मदतीला किती वेळ लागेल सांगता येत नाही.

सूप केलं होतं. गेलं नाही. मीठ जास्त झालं असावं. चाखून बघितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी

ते जागा बदलून गेले. डेंटिस्ट बाई मैदानाच्या पार त्या टोकाला, झाडांखाली. बेकरीवाले पण तिकडेच. बाईंचं सगळं सामान बेकरीवाल्याने वाहिलं, हिने बाळ धरलं. पलीकडचे टेबलवालेही गेले. मॅनेजर बाईंनी परवानगी दिली म्हणे. सावली जास्त आहे, असं कारण सांगितलं. सावली गेल्या आठवड्यातही होतीच की.

जाताना कोणी वाईट बोललं नाही. बेकरीवाला तर म्हणाला, येतो काका.

चांगलं झालं. मला जे हवं होतं तेच झालं. आता आमच्या दोन्ही बाजूंना कोणी नाही. पुढे नाही, मागे नाही. पहाटे कोणी रडलं नाही. मी कोन उचलले आणि पार रिकाम्या जागांच्या कडेपर्यंत नेऊन लावले. आख्ख्या कॅम्पात एवढी मोठी जागा कोणाकडे नाही.

तंबू नीट करायला मेहुण्याला फोन लावला. त्याने विचारलं, ताई कुठेय, ती धरेल ना दुसरी बाजू. मी म्हटलं, बाहेर गेली आहे.

दुपारी

कोन लांब लांब पडतात. मधल्या जागेत ठेवायला माझ्याकडे काही नाही. खुर्ची इकडून तिकडे नेऊन बसून बघितली. सगळीकडून सारखंच दिसतं.

ही एकदा आली. मोजे घेतले. मी विचारलं, जेवायला येशील ना? म्हणाली, तिकडेच सगळ्यांचं एकत्र करतोय. मी थांबलो, पुढे ती काही म्हणेल म्हणून. म्हणाली, भावाला फोन केला होतात म्हणे. मी म्हटलं, तंबूसाठी. म्हणाली, हो, सांगितलं त्याने.

तिने त्याला आणखी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी होती, हे मात्र मी कुठेही सिद्ध करू शकतो. इथे टॉवेलचा संबंधच नव्हता.

संध्याकाळ

आमच्याकडे पाय लांब करायची सोय असलेली एक खुर्ची आहे. माझी. सुजलेला पाय वर ठेवावा लागतो, हे फिजिओथेरपिस्टचा नवरा म्हणून मला माहीत आहे. बाईंची खुर्ची साधी. म्हणून मी माझी खुर्ची घेऊन तिकडे गेलो. माफी मागायला नाही. खुर्ची द्यायला.

वाटेवर उभा राहिलो. त्यांनी सगळ्यांच्या खुर्च्या गोल करून ठेवल्या होत्या, दगडांचा पत्ता नव्हता, कोणाची जागा कुठे सुरू होते काही कळेना. खुर्ची हातात जड होती. बाळाने मला आधी पाहिलं. मग बेकरीवाल्याने. तो अर्धवट उठला, पण हिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत बसला. ही मला म्हणाली, बाईंना विचारा.

मी विचारलं. म्हटलं, खुर्ची आणली आहे, आत येऊ का?

हे वाक्य मी कधी उच्चारलं होतं आठवत नाही. ऑफिसात लोक मला विचारतात.

डेंटिस्ट बाईंनी विचार केला. खरोखर विचार केला, दात काढावा की ठेवावा असा. मग म्हणाल्या, आज नको. आज आम्हाला जरा निवांत बसू द्या. उद्या या, चहाला.

मी खुर्ची वाटेच्या कडेला ठेवली. बेकरीवाला येऊन घेऊन गेला. बाईंचा पाय तिच्यावर ठेवताना हिने उशी सारखी केली. मी तेवढं बघितलं आणि निघालो.

आज नको म्हणजे काय? माणूस स्वतःची खुर्ची घेऊन येतो आणि त्याला आज नको? टेस्टला आलेल्या माणसालासुद्धा मी कधी असं परत पाठवलं नाही. नापास केलं, पण आधी गाडीत बसू दिलं. हा काही न्याय नाही, आणि मी तो मान्य केलाय असं कोणी समजू नये.

आता खाली जमिनीवर बसलो आहे. खुर्ची एकच उरली होती, ती हिची. ती तंबूच्या मागे तळ्याकडे तोंड करून ठेवलेली आहे. तशीच असू दे.

उद्या चहाला म्हणाल्या. चहा म्हणजे सकाळचा की दुपारचा, हे विचारायचं राहिलं. काही लोक सकाळी सातलाच घेतात, काही उठतातच नऊला. वेळ स्पष्ट सांगायला हवी होती, चूक त्यांचीच. आत्ता जाऊन विचारून यायला किती वेळ लागतो? तिकडे दिवे दिसतायत, सगळे जागे आहेत.

उठलो होतो.

नको. बसतो.