गळतीखालचं मॉस

अकोला, २९ एप्रिल २०२५

ती. अण्णांस कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

यशोधनने अमरावतीहून तुमचा दगड आणून दिला. भाऊबीजेची साडी अजून पोचायची आहे. चिखलदऱ्याचा शेवाळलेला धोंडा मात्र ओल्या गोणपाटात गुंडाळून आला! तुमच्या या लेकाने सगळं सांगितलं. अमरावतीच्या परसातल्या तुमच्या मॉसच्या कोपऱ्यात त्याला गाडीसाठी शेड हवी. तुम्ही म्हणालात, मॉस अकोल्याच्या उन्हाळ्यातही तगतं. तो म्हणाला, मे संपेस्तोवर तगवून दाखवा, शेडचं नाव काढणार नाही. पैज बापलेकांची, घाम माझा. तुम्ही जीवशास्त्राचे सर, मी मॅट्रिक. तेव्हा याला काय घालायचं ते कळवा.

बहिणीची आठवण दगडाविनाही असू द्यावी.

तुमची कुंदा

अमरावती, ३ मे

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

पत्रच लिहितो, कारण फोनवर तू बोलतेस, ऐकत नाहीस. ते शेवाळ नाही, मॉस आहे, नाव फ्युनारिया. त्याला खरी मुळं नसतात, पानांनीच पाणी पितं. सावली हवी आणि थेंब थेंब ओल. नळाचं नको, विहिरीचं पाणी घाल. वाळून तपकिरी झालं तर रडू नकोस, पाण्याने पुन्हा हिरवं होतं. तेलकट, खारट काही लागू देऊ नकोस. माळी लोक ऑर्किडची मुळं मॉसमध्ये बांधतात, इतकं ते पाणी धरतं. जन्मभर दगडाला पाणी घालत आलीस, या वेळी निदान उपयोग होईल.

मोरोपंत

अकोला, २१ मे

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमचा टोमणा पोचला आणि कामी आला. वैशाखात महादेवावर टांगतो तशी, तळाला भोक पाडलेल्या मडक्याची गळती मी न्हाणीमागच्या सावलीत तुमच्या दगडावर टांगली. पंचेचाळीस डिग्रीत मॉस असं माजलं की केसाएवढ्या दांड्यांवर बोंडं आली. तुमच्या पुस्तकात गळती होती का?

पण घात माझ्याच हातांनी केला. सोमवारी न्हाऊन आले. समोर गळती, खाली दगड, सवयीने हात जोडले गेले. शेजारच्या गोदाबाईंनी भिंतीवरून पाहिलं. दारात येऊन म्हणाल्या, देव निंघाला तं आमाले काहून नाई सांगतलं? मी म्हटलं, बाई, हे अण्णांचं मॉस आहे. त्या म्हणाल्या, नाव कोनतंई असो, देव तो देवच. मी बाळापूरला लग्नाला गेले तेवढ्यात बायकांनी तेलात कालवलेला शेंदूर थापला. मॉस गुदमरून काळं पडलं. खरवडावं तर गोदाबाई पहाऱ्यावर, आणि शेंदराला नख लावायला माझाही हात धजत नाही. अण्णा, तुमचा कोपरा मी घालवला. यशोधनला खोटं सांगणार नाही.

रागवा, पण अबोला धरू नका.

कुंदा

अमरावती, २८ मे

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

तू खरं बोललीस आणि चिरंजीवांनी लगेच शेडवाला बोलावला. काल लोखंडी खांब आले. तुमच्या गल्लीला देव लाभला, मग मीही एक केला. आदल्या रात्रीच परसात मॉसपासून हातभर लांब कोरडा दगड उभा करून शेंदूर फासला होता. शेडवाल्याने पाहिलं, चप्पल काढली आणि म्हणाला, मारोतीपाशी मी नाई खोदनार, सर. खांब परत गेले. यशोधनची गाडी रस्त्यावर. कुठे बोलू नकोस. पस्तीस वर्षं वर्गात मी याच गोष्टींची टिंगल केली आहे.

मोरोपंत

अकोला, २ जून

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. पण अण्णा, देव मांडणं सोपं, सांभाळणं कठीण. आता रोज आंघोळ करून पाणी घालायचं, शनिवारी रुईची माळ. वहिनी करील म्हणून चालणार नाही, तिलाही तसं कळवलं आहे. जुने विद्यार्थी दर्शनाला आले तर कोणता धडा द्यायचा, तेही ठरवून ठेवा.

आणखी एक. एकतीस तारखेला गळतीचं मडकं बदलायला गेले, तर दगडाच्या मागे, भिंतीकडून, जिथे बायकांचा हात पोचला नव्हता, तिथे वीतभर मॉस हिरवंगार! म्हणजे पैज तुम्हीच जिंकला होतात. मारोतीची गरज नव्हती.

पण आता त्याला हलवता येणार नाही हं. माया ओली ठेवावी.

तुमची कुंदा