पाटलाच्या वाट्याची ओळ

तामसी, रविवार संध्याकाळ

आज पाटील घरी आला. माहं पुस्तक छापायला चाललं, हे त्याच्या कानावर गेलं. "मास्तर, माह्यावर पन्नास पानं तरी लिवा." मी हो म्हटलं, घरातल्या सगळ्यात चांगल्या कपात चहा दिला.

त्याच्या गोठ्याच्या कुडात माह्या बापासाठी कान तुटलेला कप खोचलेला राहे. चहा वरून ओतत. पिऊन झाला की बापानंच तो कप धुवून परत खोचायचा.

पुस्तक किती पानांचं करू, महिनाभर तेच डोक्यात. पाटलावर चाळीस पानं लिहून झाली होती. आत्ता फाडली. चाळीस काऊन? तो तर मानच झाला त्याचा!

एकच ओळ ठेवतो. तो कप, तो गोठा, पाटलाचं पूर्ण नाव. चाळीस पानं लोक विसरतात, ओळ पाठ होते. त्याच्या नातवालाही होईल.