तपासून दिलेली वेबसाइट

प्रिय शिवानी,

रविवारी तू होकार दिलास. त्यानंतर तुझे तीन फोन आले आणि मी एकही घेतला नाही. आई विचारते, काय झालंय. तिलाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं.

रेवसच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या लाँचच्या बुकिंगची वेबसाइट तुमच्या मालकांनी सुरू केली, ती तू एकटीने सहा महिने खपून केलेलं पहिलं काम. लोकांच्या सिस्टिममधल्या त्रुटी शोधायच्या, हीच माझी नोकरी. म्हणून सुरू होण्याआधी तू मला ती नीट तपासून द्यायला सांगितलीस. मी तपासली आणि कळवलं, सगळं ठीक आहे.

सात आठवड्यांनी केसर नवऱ्याच्या माराला कंटाळून म्हसळ्याहून निघाली आणि तुमच्या लाँचने मुंबईला गेली. बुकिंग करताना तिने मुंबईतल्या मैत्रिणीचा पत्ता लिहिला होता. ती लाँचने गेल्याचं नवऱ्याला कळलं. त्याने स्वतःचं तिकीट काढलं आणि त्या तिकिटाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलून पाहिला, तर दुसऱ्याचं तिकीट उघडलं, नाव-पत्त्यासकट. तो एकेक आकडा बदलत केसरपर्यंत पोचला. चौथ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या दारात उभा होता. केसरचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

तू नोकरी सोडलीस. जेवण सोडल्यासारखंच होतं. मी घरी आलो तेव्हा म्हणालीस, "तुझ्यासारख्याला जे दिसलं नाही, ते मला कुठून दिसणार होतं? तेवढ्यावरच मी उभी आहे, दिपेश." मी मान हलवली आणि समोरचा चहा प्यायलो.

शिवानी, मला ते दिसलं होतं. पाचव्या मिनिटाला. आदल्याच आठवड्यात मी तुला लग्नाचं विचारलं होतं आणि तू विचार करते म्हणाली होतीस. कॉलेजात मी सगळ्यांसमोर तुझी चूक काढली, तेव्हा चार महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. वाटलं, तुझं उत्तर येऊ दे, मग हळूच सांगू. दुरुस्ती तासाभराची होती. रोज उद्यावर ढकलत गेलो. आज सकाळी पोलिसांना तसा जबाब दिला, मालकांनाही सांगितलं. केसरच्या भावाला फोन केला. ती मला भेटणार नाही, म्हणाला. रविवारी तू ज्याला हो म्हणालीस, त्याने हे तुझ्यापासून लपवलं होतं. तो होकार मी धरून बसणार नाही.

तुझाच,
दिपेश