न पाठवलेलं वकीलपत्र

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप सईअक्का यांस तुकोजीचा साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी सकाळी पार्थसारथीच्या देवळापर्यंत गेलो, पण आत पाऊल पडेना. तळ्याच्या पायरीवर बसून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. अपिलासाठी बांगड्या विकते, असं तुम्ही लिहिलंय.

आमच्या लेकीचा, अंबुजाचा, खोकला आता कमी आहे. तंजावरला पाऊस झाला का?

दत्ताजींनी एकोजीराव भावजींकडून एकाच प्रोनोटवर, म्हणजे परतफेडीच्या एकाच लेखी वचनावर, चार हजार उसने घेतले होते. आपण आधी दीड हजारांचा दावा केला, जिंकलो. उरलेल्या अडीच हजारांचा दुसरा दावा फेटाळला गेला. एका व्यवहाराचं सगळं येणं एकाच दाव्यात मागावं लागतं. मागं ठेवलेलं पुन्हा मागता येत नाही. न्यायाधीश फितले असतील, असं तुम्हाला वाटतं. नाही, अक्का.

पहिला दावा मी लिहिला होता. राघोत्तमराव वकिलांनी माझ्यासारख्या जुन्या कारकुनाच्या भरवशावर न वाचता सही केली. पूर्ण रकमेच्या दाव्याला कोर्ट-फीचा तीनशेचा स्टँप लागत होता, तेवढे तुमच्याजवळ नव्हते. निर्धन म्हणून अर्ज केला असता तर स्टँप माफ झाला असता. लिहायला बसलोही. ‘एकोजीराव यांची विधवा, निर्धन’ एवढं लिहिलं आणि कागद फाडला. ज्या घरी सात वर्षं जेवून मी शाळा शिकलो, त्या घराला तो शब्द लावायला हात धजेना. तुम्हाला विचारलंही नाही. म्हटलं, आत्ता थोडे मागू, उरलेले पुढं बघू.

शुक्रवारी तळ्यावरून उठून कचेरीत गेलो. राघोत्तमराव म्हणाले, “तुकोजी, अपील लिहा. त्या न्यायाधीशाला कायदा कळत नाही.”

“कळतो, साहेब. आपल्याला कळला नाही.”

“आपल्याला?”

“मला.”

सगळं सांगितलं. त्यांनी पानाचा डबा उघडून पुन्हा मिटला. मग म्हणाले, “बावीस वर्षांत उलट बोलला नाहीत, आणि आज एकदम हे! बाई स्वतः अपील करा म्हणतात, तुम्ही कोण अडवणारे? वकीलपत्र सहीला पाठवा.”

चार दिवस ते माझ्या पिशवीत होतं. आज सकाळी त्यांच्या टेबलावर परत ठेवलं आणि सांगितलं, हे माझ्या हातून जाणार नाही. उद्या या, असं ते म्हणाले नाहीत; नोकरी गेली असंच समजा.

त्यांनी दुसऱ्याकरवी कागद पाठवला, तर सही करू नका. बांगड्या विकू नका. हे पैसे आता येणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे गेले.

अजूनही म्हणवून घ्याल तर,
तुमचा भाऊ
तुकोजी