एकही चूक न करणारा रिसीव्हर

३ सप्टेंबर, सकाळी ९
एम.टेक. कम्युनिकेशनचं दुसरं वर्ष सुरू. संकल्प: काकांकडे ढुंकूनही बघायचं नाही. काका म्हणजे वर्गमित्रच. पंधरा वर्षं मोबाईलच्या टॉवरवर चढउतार करून आता शिकायला आलेत. मी बी.ई.ला पहिला होतो. नोंद असावी.

७ सप्टेंबर
काकांचा पेपर एका कॉन्फरन्सने स्वीकारला. गाईड मॅडमनी अख्ख्या लॅबसमोर सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात. कॉन्फरन्सच भिकार असणार. (तपासलं. नाही.)

८ सप्टेंबर
आईचा फोन. बोलता बोलता काकांचं सांगून बसलो. म्हणाली, या वयात, दोन मुलं सांभाळून! कौतुक आहे हो. म्हटलं, मीही दिवसभर राबतो. म्हणाली, जेवलास का?

१२ सप्टेंबर
माझा प्रोजेक्ट: नॉइज कितीही असो, त्या गोंगाटातून नेमका सिग्नल ओळखणारा रिसीव्हर. काकांचाही जवळपास तोच. माझा आधी ठरला होता. संकल्प: रोज सहा तास कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. आज दोन तास झाले. पैकी दीड काकांच्या स्क्रीनकडे बघण्यात.

२० सप्टेंबर, दुपारी ३.१०
ऐतिहासिक! एक लाख बिट पाठवले, एकही चुकला नाही. काकांचा हजारात एक चुकतो. बिचारे. आईला लगेच कळवलं.

२१ सप्टेंबर
काका माझा ग्राफ बघून डोकं खाजवत म्हणाले, "एवढं सुरेख कसं आलं रे? जरा कोड बघू?" बघू म्हणे! मी लॅपटॉप मिटला.

२४ सप्टेंबर
चहा पिताना पुन्हा तेच. नॉइज किती ठेवलायस? म्हटलं, माझा पेपर आला की वाचा. मला त्यांची कीव येते. मत्सर माणसाला आतून पोखरतो.

२९ सप्टेंबर
उद्या रिव्ह्यू. बाहेरचे परीक्षक. काकांचा मेसेज: "आत जायच्या आधी पाच मिनिटं भेट. महत्त्वाचं आहे." न वाचल्यासारखं केलं. उद्या स्तुती झाली तर नम्र दिसायचं. आरशासमोर सराव केला.

३० सप्टेंबर
परीक्षकांनी ग्राफ पाहिला. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिला. विचारलं, कोडच्या कुठल्या ओळीत नॉइज मिसळलाय?
एकशे बाराव्या. जी मीच टेस्टिंगसाठी बंद करून ठेवली होती आणि परत चालू करायची विसरलो होतो.
परीक्षक म्हणाले, एवढ्या शांततेत तर माझ्या सासऱ्यांनाही ऐकू येतं. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्याचाच जास्त राग आला.
पंधरा दिवसांत पुन्हा रिव्ह्यू. नाहीतर सेमिस्टर गेलं. आईचे तीन मिस्ड कॉल.

१ ऑक्टोबर
नॉइज चालू केला. दोन बिटांत एक चुकतो. नाणं उडवलं तरी एवढं जमतं.
काका न विचारता खुर्ची ओढून शेजारी बसले. चार वाजेपर्यंत उठले नाहीत. हजारात वीस चुकांवर आणलं. मी वर बघितलं नाही.
मग म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस. माझाही नॉइज एकदा असाच बंद राहिला होता.
महिन्यात पहिल्यांदा हा माणूस मला आवडला. विचारलं, मग कळायला किती दिवस लागले?
म्हणाले, "दिवस? दहा मिनिटं लागली असतील."