तेरा तारखेच्या आत

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज जिना सहा वेळा चढलो-उतरलो. लेक पुढे, मी मागे. तिला कळ नाही. माझ्या गुडघ्यात मात्र आली!

बाळंतपणाची तारीख होती एक. आज चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. तेरापर्यंत वाट बघू. आपणहून काही झालं नाही तर तेराला दाखल करून घेऊ, सलाईनमधून औषध देऊन कळा आणू." मी मान डोलावली. चांगलंच की! पण लेकीचा चेहरा पांढराफटक.

टॅक्सीत म्हणाली, "बाबा, ते सलाईन नको. बाकी काहीही करा."

दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके बंद पडले. तेव्हा हेच सलाईन लावून कळा आणल्या होत्या. अकरा तास. शेवटी काय हाती येणार ते ठाऊक असताना अकरा तास! मी दाराबाहेर बाकावर बसून होतो. आत जायचा धीर झाला नाही.

"नाही लावू देणार," मी म्हणून टाकलं. "शब्द देतो."

कुठल्या तोंडाने दिला? एकतीस वर्षं बस चालवली. स्टिअरिंग हातात असलं की मला सगळं येतं. यातलं ओ की ठो कळत नाही. ही असती तर... चार वर्षं झाली हिला जाऊन. या गोष्टी हिने सांगायच्या होत्या, मी फक्त बाजारातून आणून द्यायचं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. वही-पेन घेऊनच गेलो. त्या हसल्या. "काका, परीक्षेला बसताय का?"

चालणं. जिने. मोठ्या चेंडूवर बसून कंबर फिरवणं. खजूर. कोमट पाण्याने अंघोळ. झोप. सगळं लिहून घेतलं. विचारलं, यातलं हमखास काय? "हमखास काहीच नाही हो. बाळ आपल्या वेळेनं येतं. करून बघायचं, एवढंच." मग आवाज उतरवून — "जावई इथेच असतात का?" म्हटलं, जहाजावर असतो, महिन्याभराने येईल. "मग राहू दे," म्हणाल्या. का राहू दे, ते मला फाटकापाशी पोचल्यावर कळलं. कान तापले! वही बंद.

एक मात्र दोनदा बजावलं. बाळाचं हलणं रोज बघायचं. कमी वाटलं की घरात उपाय करत बसायचं नाही, सरळ निघून यायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सहा खजूर तिने खाल्ले, सोबत म्हणून सहा मी. माझं पोट साफ झालं. बाकी काही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चेंडू आणला. सायकलच्या पंपाने हवा भरली आणि टायर बघतो तसा लाटण्याने ठोकून पाहिला. लेक खो खो हसली. कित्येक दिवसांनी! म्हणाली, "बाबा, स्टेपनी पण आणलीत ना?" मग त्यावर बसून तासभर डुलली. मी समोर खुर्चीत पेपर उलटा-सुलटा करत. डुलणं थांबलं की विचारतो, "काही होतंय?" पाचव्यांदा विचारलं तेव्हा ती खेकसली, "झालं तर सांगेन ना! कुकरच्या शिट्टीची वाट बघितल्यासारखं बघू नका माझ्याकडे."

खरं आहे. पण मग कुठे बघू?

८ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या काकूंनी झणझणीत रस्सा पाठवला. म्हणे तिखटाने कळा येतात, त्यांच्या दोन्ही सुनांना आल्या. लेकीला जळजळ, मला उचक्या.

संध्याकाळी जावयाचा फोन. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे." निवांत! त्याला काय सांगणार? त्याच्या भोवती समुद्र, माझ्या भोवती खजूर. दोघेही सारखेच उपयोगाचे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हात टेकले.

डेपोतल्या मेस्त्रीने सांगितलं, खडबडीत रस्त्यावरून गाडीतून फिरवून आण, धक्क्यांनी होतं. नर्सबाईंच्या यादीत हे नाही. पण मला बरं वाटलं — निदान माझ्या खात्यातलं! त्याचीच जुनी व्हॅन घेतली. लेकीला पट्टा बांधून शेजारी बसवलं. खाणीकडचा रस्ता, खड्डे असे की बस न्यायचो तेव्हा मी त्याला शिव्या घालायचो.

पहिला खड्डा दिसला. ठरवलं होतं, घालायची तशीच. पाय आपोआप ब्रेकवर. गाडी अशी उतरली की पेल्यातलं पाणी हलू नये! दुसरा खड्डा, तेच. तिसऱ्याला दात-ओठ खाऊन पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला, तर हातांनी चाक वळवून बाजूने काढली. एकतीस वर्षांत एकाही उतारूला धक्का लागू दिला नाही. आता पोटच्या पोरीला धक्के द्यायचे म्हटल्यावर अंग ऐकेचना. पोट धरून बसलेल्या बाईला खड्ड्यात घालायला निघालोच कसा, असंही मनात येत होतं.

खाणीच्या वळणावर शेजारी बघितलं — झोपली होती! तोंड उघडं, दोन्ही हात पोटावर. आठ रात्रींची झोप. मी गाडी वळवली आणि तिला जाग येऊ नये म्हणून गावाला दोन वळसे जास्त घातले. घरी आल्यावर डोळे चोळत म्हणाली, "तुम्ही चालवता ना, तेव्हा मला काही होतच नाही."

किती छान म्हणाली. आणि आज मला नेमकं काहीतरी व्हायला हवं होतं!

१० नोव्हेंबर, सोमवार

काकूंनी एरंडेलाची बाटली आणून दिली. "डॉक्टरांना विचारू नका, ते नाहीच म्हणतात." मी तरी फोन केला. नर्सबाई कडाडल्या, "अजिबात नाही! जुलाब होऊन अंगातलं पाणी जाईल, बाळालाही त्रास."

ठेवला फोन. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी. सगळं ऐकलेलं. हात पुढे केला. "द्या बाबा. एक चमचा. तीनच दिवस राहिलेत."

चमचा माझ्या हातात होता. खोटं कशाला लिहू, मीही भरणार होतो. मग बाटली मोरीत रिकामी केली. ती खोलीत गेली, दार लावलं. आतून रडण्याचा आवाज. मी बाहेर मोरी घासत बसलो. तेल जाता जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी चार वाजता ओरडली, "बाबा!" कळा! दहा-दहा मिनिटांनी. घड्याळ घेऊन बसलो. बॅग दारात, चपला सरळ. देवा, झालं एकदाचं! ती कळ आली की टेबल धरायची आणि हसायची. हो, हसायची. मी जावयाला फोन लावला, काकूंना हाक मारली, मेस्त्रीला व्हॅन आण म्हटलं.

सहाला कळा लांबल्या. सातला थांबल्या. काकू म्हणाल्या, "खोट्या कळा गं. येतात अशा." व्हॅन दारात येऊन परत गेली.

लेक कोचावर बसली. "माझंच अंग बिघडलेलं आहे बाबा. त्याला हे येतच नाही." मी म्हणालो, असं बोलू नये. एवढंच सुचलं. तिची आई असती तर पाठीवरून हात तरी फिरवला असता. मी पंखा मोठा केला.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दवाखाना

हे बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी चहा घेताना लेक कप तसाच धरून बसली. "बाबा, रात्रीपासून हललं नाहीये फारसं. मी गोड खाल्लं, कुशीवर झोपले. फार कमी आहे." रात्रीच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर लगेच सलाईन लावलं असतं ना."

मी ओरडलो नाही. तिच्या चपला तिच्या पायात घातल्या आणि निघालो.

पोटावर पट्टे बांधले. यंत्र लावलं. दोन सेकंद नुसती खरखर. त्या दोन सेकंदांत मी काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. मग टप टप टप! नर्सबाई म्हणाल्या, "आहे हो आहे, चांगलं आहे." मी स्टुलावर बसलो.

डॉक्टरीणबाई आल्या. "ठोके ठीक आहेत. पण हलणं कमी झालंय, दिवसही भरून गेलेत. आता थांबायला नको. आजच कळा आणू." लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला काय हवं होतं ते दिसत होतं. मी उठून म्हणायला हवं होतं, नाही, मी शब्द दिलाय. पण कशाच्या जोरावर? खजुराच्या?

"पोरी," मी म्हणालो, "शब्द माझ्या हातातला नव्हताच. उगीच दिला. चुकलं माझं."

ती खूप वेळ त्या सलाईनच्या स्टँडकडे बघत राहिली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाबा आत बसतील. तरच." आणि मला, "या वेळी बाहेर बसायचं नाही."

म्हणजे गेल्या वेळचं तिला माहीत होतं. मी बाहेर होतो हे नव्हे, का होतो ते.

नर्सबाई अंगावर घालायला हिरवा झगा आणायला गेल्या आहेत. मी आत जाऊन करणार काय? काहीच नाही. पण जातो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगी! सकाळी सव्वासात. केवढ्यांदा रडते! मी घाबरून थोपटायला धावलो, नर्सबाई पण "ओ ओ" करत पुढे झाल्या. लेक आम्हा दोघांवर कडाडली — "कुणी गप्प करू नका तिला. रडू दे!"