बाथरूममधून ऐकलेली प्रार्थना

प्रिय ताई,

तुला, भाचीला, जावईबापूंना आणि ज्याचं नाव अजून ठरत नाही त्या लहानग्याला प्रभूच्या नावानं सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? तिथला जिना चढताना कठड्याला धरतेस ना? बाळाचं वजन वाढल्याचं तू कळवलंस, पण ते झोपू देतं का हे कळवलं नाहीस, त्यावरून देत नसणार हे मी ओळखलं. मी इथे खुशाल आहे. दुकान ठीक चाललंय. लोकांचे डोळे बिघडायचे काही थांबलेले नाहीत (याबद्दल चष्मेवाल्यानं देवाचे आभार मानावेत की नाही, हे पाळकसाहेबांना एकदा विचारायचंय).

हे पत्र मुद्दाम लिहितोय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसायला लागलीस की मला राग येतो आणि मी फोन ठेवून देतो. पत्रात तू खुशाल हस, मला ऐकू येणार नाही. शिवाय बुधवारच्या प्रार्थनासभेत आपल्याकडे काय झालं ते सिस्टर तुला कळवणारच आहेत, आणि त्या इस्पितळातल्या सवयीनं माणसाची अवस्था आहे त्यापेक्षा गंभीर करून सांगतात. तेव्हा आधी माझ्याकडून ऐक.

तू बाळंतपणाला गेल्यावर सभा आपल्याच घरी चालू ठेवायची, असं तू मला बजावलं होतंस. मी ठेवली. सतरंजी घातली, खुर्च्या मांडल्या, चहाचं दूध आणलं. पाळकसाहेबांची ती रीतही चालू आहे, की प्रत्येकानं आठवड्यातल्या एखाद्या साध्या गोष्टीत देवानं काय शिकवलं ते सांगायचं. सिस्टरना थर्मामीटरमध्ये सापडलं, सलाइनच्या बाटलीत सापडलं, एकदा तर बेडपॅनमध्येही सापडलं (ते त्यांनी इतकं सविस्तर सांगितलं की त्या दिवशी बिस्किटं तशीच उरली). छापखान्यातले म्हातारे बाबा, यंत्रांच्या खडखडाटात कान गमावलेले, ते दर वेळी उलट्या अक्षरांचंच सांगतात. मी चष्म्यावरचे सगळे धडे पहिल्याच वर्षी संपवून बसलोय. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही, यापलीकडे या धंद्यात अध्यात्म फारसं नाही. सुतार काही सांगतच नाही. तो म्हणतो, आमच्या धंद्यात स्वतः प्रभू होता, आता मी आणखी काय भर घालू?

तर भांडण या सुताराशीच झालं. तू स्टेशनवरून गाडी धरलीस त्याच आठवड्यातली गोष्ट. समारोपाची प्रार्थना माझ्याकडे होती. माझी प्रार्थना जरा ऐसपैस असते हे मी मान्य करतो, पण मी कुणाला गाळत नाही. राज्यकर्ते झाले, शेजारीपाजारी झाले, आजारी झाले, आणि मी नुकताच प्रवासात असलेल्यांकडे वळलो होतो, तोच खोलीच्या मधोमध सुतारानं खणखणीत आवाजात "आमेन!" म्हटलं. झालं! सगळे आमेन म्हणाले. बाबांना काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे उठलेले पाहून तेही आमेन म्हणाले. लोक चहाला लागले आणि मी डोळे मिटून, हात जोडून, अर्ध्या वाक्यावर उभा! ताई, इतकी वर्षं चष्मे विकतोय, पण माझ्याकडे न बघता माझ्यासमोरून बिस्किटांची ताटली अशी कुणी नेली नव्हती.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सभा आपल्या घरी, त्यामुळे सभा टाकता येईना, तेव्हा मी घर टाकू लागलो. बुधवार आला की सगळं मांडून ठेवायचं, मंद आचेवर दूध ठेवायचं, दार लोटायचं आणि दुकानात जाऊन रिकाम्या फ्रेमा पुसत बसायचं. (राग सभेवर नव्हता, सुतारावर होता. सभेचं दूध कशाला अडवायचं?) तुला पत्र लिहून हे सभेचं लटांबर दुसऱ्या कुणाच्या घरी हलवावं, असंही मी मनात पक्कं करत आणलं होतं.

या बुधवारी मला दाढीला उशीर झाला. दूध नुकतंच गॅसवर चढवलं होतं आणि जिन्यात पावलं वाजली. पुढच्या दारानं निघावं तर समोरासमोर गाठ. मागचं दार या घराला नाही. मग मी काय केलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली आणि बादली पालथी घालून बसलो. वाटलं, बाजारात गेला असेल असं समजून आपली सभा उरकतील आणि जातील. आपलं बाथरूम म्हणजे बैठकीच्या खोलीचा कोपरा फळ्या ठोकून वेगळा केलेला, हे मला माहीत होतं, पण त्या फळ्यांमधून इतकं स्वच्छ ऐकू येतं हे माहीत नव्हतं. (ताई, तू इतकी वर्षं या घरात राहतेस, तू काय काय ऐकलं असशील या विचारानं मला घाम फुटला.)

आवाजांवरून मी माणसं ओळखली. पाळकसाहेब, सिस्टर, बाबा, आणि सुतार. माझी थोडी शोधाशोध झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, आज आपण या घरच्या भावासाठीच प्रार्थना करू या. ताई, माणसानं एक वेळ स्वतःच्या अंत्यविधीला हजर राहावं, पण स्वतःसाठी चाललेली प्रार्थना चोरून ऐकू नये. सिस्टरनी माझ्या जिभेसाठी प्रार्थना केली, ती नरम व्हावी म्हणून. लगेच माझ्या बद्धकोष्ठासाठीही केली, तेही त्याच कारणासाठी. बाबांनी, मी त्यांच्याकडून चष्मा दुरुस्तीचे पैसे घेत नाही म्हणून माझ्यासाठी मोठा आशीर्वाद मागितला, आणि ती दांडी पुन्हा निसटली आहे हेही ओघात देवाच्या कानावर घातलं. मी बादलीवर बसून दात-ओठ खात होतो. एवढ्यात सुताराचा आवाज आला.

"प्रभू," तो म्हणाला, "मला नीट बोलता येत नाही. मी त्या दिवशी मध्येच आमेन म्हटलं. प्रवासातल्यांचं बोलताना ताईंचं नाव घ्यायची वेळ आली आणि त्याचा गळा दाटला. मी शेजारीच होतो, मला कळलं. तो चारचौघांत रडला असता तर त्यानं आम्हालाच काय, तुलासुद्धा पुन्हा तोंड दाखवलं नसतं. म्हणून म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्याला राग आलाय. तो जाऊ दे. आमेन."

ताई, मी खोटं सांगत नाही, ती गोष्ट मी साफ विसरलो होतो. अपमान एवढा मोठा वाटला की त्याच्या आधी घशात काय अडकलं होतं, ते आठवायलाच सवड झाली नाही. बाथरूममध्ये तोंड धुवायची सोय असते हे बरं असतं.

आता बाहेर पडावं तर कुठल्या तोंडानं? विचार करत होतो, तोच झरोक्यातून वास आला. दूध! मी उठून कडीला हात घातला. कडी जागची हलेना. दार फुगलं होतं, ओढलं की कडी आणखी आवळायची. तिकडे नेमकं गाणं सुरू झालं. सिस्टरनी सूर धरला की गल्लीतली कुत्री गप्प होतात, हे तुला ठाऊक आहे. मी फळीवर मूठ आपटली, खांदा आपटला. कुणाला पत्ता नाही.

पत्ता लागला तो एकट्या बाबांना (हे सगळं मला मागाहून कळलं). त्यांची खुर्ची त्या फळ्यांना टेकलेली. कान गेलेले, पण पाठ शाबूत. गाणं ऐन भरात असताना ते छातीवर हात ठेवून ओरडले, माझ्या काळजात कुणीतरी ठोकतंय! पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. प्रभूला काळजाचं दार उघडा म्हणून किती वर्षं ते या म्हाताऱ्याच्या मागे होते! "बाबा," ते त्यांच्या कानाशी ओरडले, "तोच आहे तो! दाराशी उभा राहून ठोकतोय! उघडा त्याला!" बाबा म्हणाले, "कुठलं दार?"

मी आतून "दूध! दूध!" असं ओरडत होतो. पण बाहेर सगळ्यांनी एकदमच मोठमोठ्यानं बाबांसाठी प्रार्थना चालवलेली. सिस्टरच्या कानावर तेवढा शब्द पडला, तर त्यांनी फर्मान काढलं की बाबांना आत्ता दूध अजिबात द्यायचं नाही, पाणी द्या. मग त्यांनी नाडी पाहिली. नाडी अगदी शांत. बाबांना उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवलं, ठोके बंद. त्यांच्या जागी दम खायला सिस्टर बसल्या, आणि पुढच्याच क्षणी किंचाळून उठल्या. त्यांच्याही काळजात कुणीतरी ठोकत होतं.

तेव्हा सुतार उठला. त्यानं फळीला कान लावला आणि म्हणाला, "हे काळीज नाही, लाकूड आहे. मीच ठोकलंय."

बाकीचे गॅसकडे धावले, तो दारापाशी आला. त्यानं फटीतून उलथनं घालून पाहिलं, ते वाकलं. मग म्हणाला, मागे सरक. मी बादलीसकट सरकलो. त्यानं खांदा दिला आणि दार, चौकट आणि सुतार असे तिघे मिळून आत आले. मी त्याला हात देऊन उठवलं.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकलं."

"सगळं?"

"फार थोडक्यात करतोस तू प्रार्थना," मी म्हटलं.

मग आम्ही दोघंही जरा वेळ दाराच्या बिजागऱ्या निरखत बसलो. चहा सगळ्यांनी बिनदुधाचा घेतला. पाळकसाहेबांनी मला विचारलं, या आठवड्यात साध्या गोष्टीत काय शिकलात? मी सांगितलं, की आपण बाहेर कुणी नाही असं समजून आत कडी लावून बसतो, आणि बाहेरचे आपल्या नावानं बसलेले असतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. रविवारी उपदेशात येईल तेव्हा बाथरूम गाळतील अशी आशा आहे.

सगळ्यांना माझा सलाम सांग, बाळाची पापी घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझं दुधाचं मोठं पातेलं घासून पाहिलं. ते आता आतूनही बाहेरच्यासारखंच दिसतं. याबद्दल फोनवर काही बोलू नकोस.

ता. क. दुसरा. बाथरूमला सध्या चादर लावली आहे. तुझं तिथलं काम महत्त्वाचं, तू अजिबात घाई करू नकोस. हवं तर बाळ बसायला लागेपर्यंत राहा. मी एकटा अगदी मजेत आहे.

(यापुढचं अक्षर सुताराचं.) ताई, सलाम. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं, माफी असावी. मजेत वगैरे काही नाही. दुकानात त्यानं तुमच्या नंबरचा नवा चष्मा करून ठेवलाय. रोज काचा पुसतो. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणतो, आहे एक गिऱ्हाईक, यायचंय. तेव्हा गिऱ्हाइकानं कधी येणार ते एका ओळीत कळवावं. त्याला नको, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर कळवा. मी सहज कानावर आलं म्हणून सांगेन.